चरे पडलेल्या सीडी-डीव्हीडी घरी पॉलिश करून वाचतात का?

जुनी_तबकडी

कपाटातल्या डिस्क लावायला काढल्या आहेत, त्यातल्या चार त्रास देतायत.

पहिली ऑडिओ सीडी, ७४ मिनिटांची. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास टकटक करते आणि पुढे उडी मारते. खालच्या बाजूला बारीक ओरखड्यांचं जाळं आहे, नख अडकत नाही. दुसरी चित्रपटाची डीव्हीडी. बरोबर मध्यावर गोठते, थोडं पुढे ढकललं की शेवटपर्यंत नीट चालते. तिसरी घरी बर्न केलेली सीडी-आर, आत फोटो आहेत, दुसरी प्रत नाही. ड्राइव्ह ओळखतच नाही. मधल्या भोकाजवळ गोलाकार चरा आहे, नख अडकतं. चौथी ब्लू-रे, एकच ओरखडा, पण बरोबर तिथेच अडकते.

टूथपेस्ट, ब्रासो, गाडीचं रबिंग कंपाउंड, केळ्याची साल असं सगळं वाचून झालं. नेमकं काय वापरायचं, किती, कोणत्या दिशेने घासायचं आणि कुठे थांबायचं?

खरडपट्टी

चारही डिस्कना चार वेगळे उपाय लागतील. सरसकट पेस्ट फासू नका.

आधी जखम कुठल्या बाजूला आहे ते बघा. सीडीची जाडी १.२ मि.मी. असते आणि ती जवळजवळ सगळी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक, कडक प्लास्टिकची. माहिती आणि तिच्यावरचा चकाकणारा थर अगदी वर, छापील बाजूला असतो. त्याच्यावर फक्त काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) संरक्षक लॅकर आणि छपाई. म्हणजे आपण जपतो ती खालची बाजू खरं तर दणकट आणि निष्काळजीपणे टेबलावर टेकवतो ती छापील बाजू नाजूक. डिस्क दिव्यासमोर धरा. अख्खी डिस्क मंद पारदर्शक दिसली तर चालतं, पण सुईच्या टोकाएवढे लख्ख ठिपके दिसले तर तिथला थरच गेलाय. त्याला जगातलं कुठलंही पॉलिश लागू पडत नाही. डीव्हीडीत माहिती ०.६ मि.मी.च्या दोन चकत्यांच्या मध्ये असते, त्यामुळे वरून आलेल्या ओरखड्याला ती सीडीइतकी घाबरत नाही.

दुसरं, दोष नेमका कुठे आहे ते मोजून काढा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. ७४ मिनिटांच्या सीडीत कार्यक्रम केंद्रापासून २५ मि.मी.वर सुरू होतो आणि ५८ मि.मी.वर संपतो. फिरण्याचा वेग असा बदलत राहतो की दर मिनिटाला सारखंच क्षेत्रफळ खर्च होतं. त्या हिशोबाने चाळिसावं मिनिट केंद्रापासून सुमारे ४६ मि.मी.वर येतं, म्हणजे बाहेरच्या कडेपासून १४ मि.मी. आत. विसावं मिनिट ३७ मि.मी.वर, साठावं ५३ वर. पट्टी ठेवून तेवढाच पट्टा बघा. जाळं सगळीकडे दिसत असलं तरी गुन्हेगार बहुधा तिथला एकच ओरखडा असतो.

डीव्हीडीचं मध्यावर गोठणं हे वेगळंच प्रकरण. दोन थरांच्या चित्रपट-डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो आणि दुसरा बहुधा बाहेरून आत. म्हणजे चित्रपटाचा मध्य बाहेरच्या कडेला येतो, बरोबर आपली बोटं लागतात तिथे. (थर बदलताना जुन्या प्लेअरवर क्षणभर थांबणं हा दोष नव्हे.) ही डिस्क आधी नुसती धुवा, पॉलिशला हातही लावू नका.

धुणं म्हणजे: कोमट पाणी, भांडी धुण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब, बोटाच्या मऊ भागाने केंद्राकडून कडेकडे. वाहत्या पाण्याखाली साबण पूर्ण जाऊ द्या, झटका, मायक्रोफायबरने टिपा. टिश्यू पेपर, वर्तमानपत्र, शर्टाचं टोक नको, पॉलिकार्बोनेटवर कागदाच्या तंतूंनीही रेघा उठतात. चिकट डाग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल चालेल. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर बिलकूल नाही. त्यांनी प्लास्टिक दुधाळ होतं, बारीक तडे जातात आणि ते परत येत नाही.

आता दिशा. घासायचं ते केंद्राकडून कडेकडे, सायकलच्या आऱ्यांसारखं. गोल गोल नाही. सीडीची दुरुस्ती-संहिता (चुका भरून काढण्यासाठी माहितीसोबत लिहिलेली जादा माहिती) सलग सुमारे ४००० बिट गेले तरी ते पूर्ण भरून काढते. ट्रॅकवर, म्हणजे माहितीच्या गोल फिरत जाणाऱ्या रेषेवर, मोजलं तर ही लांबी अडीच मिलिमीटर भरते. आडवा ओरखडा ट्रॅकला दर फेरीत केसाच्या रुंदीएवढाच छेदतो, म्हणून तो पचतो. तोच ओरखडा ट्रॅकच्या दिशेने सेंटिमीटरभर गेला की सलग घास जातो, शिवाय लेझरला ट्रॅकच सापडेनासा होतो. पॉलिश करताना आपण नवे बारीक ओरखडेच पाडत असतो, ते निदान निरुपद्रवी दिशेचे असावेत.

तुमच्या ऑडिओ सीडीसाठी प्लास्टिकचं पॉलिश घ्या. नोव्हस २ सारखं, किंवा गाडीच्या हेडलाइटसाठी येणारं. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटचीच असते, त्यामुळे ते या प्लास्टिकला मानवतं. टूथपेस्ट काम करते, खोटं नाही, पण ट्यूबवर कणांचा आकार लिहिलेला नसतो. एक पेस्ट आरशासारखं करते, दुसरी, विशेषतः दात पांढरे करणारी, धुरकट करून ठेवते. नाइलाज असेल तर साधी पांढरी घ्या आणि आधी टाकाऊ डिस्कवर करून बघा. ब्रासो धातूसाठी आहे. कण बारीक असतात म्हणून लोकांना गुण येतो, पण बाटली उघडली की अमोनियाचा वास येतो आणि अमोनिया पॉलिकार्बोनेटला मानवत नाही. मी सुचवणार नाही.

कृती अशी. सपाट, कडक पृष्ठभाग घ्या, त्यावर घडी न घातलेलं स्वच्छ मायक्रोफायबर पसरा, डिस्क छापील बाजू खाली करून ठेवा. कापडात वाळूचा एक कण असला तरी तो खाली लॅकर फोडेल, म्हणून कापड धुतलेलं हवं. वाटाण्याएवढं पॉलिश पूर्ण डिस्कला पुरतं, एकाच पट्ट्याला त्याच्या अर्धं. दुसरं मऊ कापड बोटाभोवती गुंडाळून, वाटीचा तळ पुसताना देतो तेवढाच दाब देत, एका जागी दहा-बारा फेऱ्या. मग शेजारी सरका. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना किमान १० मि.मी. घ्या, नाहीतर खळगा तयार होतो. दोन मिनिटं झाली की स्वच्छ कोपऱ्याने पुसा, धुवा, वाळवा आणि वाजवून बघा. वाजली की थांबा. ओरखडा डोळ्यांना दिसतोय म्हणून पुढे घासत बसू नका. चारदा करूनही फरक नाही तर निदान चुकलंय.

ब्लू-रेला यातलं काहीच नाही. तिच्यात माहिती पृष्ठभागापासून फक्त ०.१ मि.मी.वर असते आणि वर काही मायक्रॉनचं टणक आवरण. तुम्ही जे काही घासाल त्याने आधी ते आवरण जाईल. धुवा, दुसऱ्या प्लेअरमध्ये घालून बघा, एवढंच.

रिकामा_स्पिंडल

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण सीडी-आरच्या बाबतीत क्रम उलटा. फोटोंची दुसरी प्रत नाही ना? मग धुण्याच्या पुढे काहीही करण्याआधी मिळेल तेवढं उतरवून घ्या. पॉलिश केलेली डिस्क पूर्ववत होत नाही.

आधी वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घाला. एक ड्राइव्ह ओळखत नाही म्हणजे डिस्क मेली असं नव्हे. लॅपटॉपच्या बारीक ड्राइव्हपेक्षा डेस्कटॉपचा जुना जाड ड्राइव्ह पुष्कळदा जास्त सोशिक निघतो. तो ५२ एक्सवर (सीडीच्या मूळ वेगाच्या ५२ पट) मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे मारतो, त्या वेगात खराब डिस्क वाचली जात नाही. वेग ४ किंवा ८ एक्सवर आणा. आणि भोकापासून निघालेला तडा दिसत असेल तर घालूच नका, आत फुटली तर डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही जातील.

ड्राइव्हने एकदा ओळखली की फाइली ओढून कॉपी करत बसू नका. एका खराब फाइलवर सगळं अडकतं. डीडीरेस्क्यू वापरा, खराब डिस्कवरून मिळेल तेवढी माहिती उचलून तिची एक सलग प्रत (इमेज) बनवणारा हा प्रोग्रॅम आहे. ब्लॉकचा आकार २०४८ बाइट ठेवा, कारण डेटा सीडीच्या एका सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका कप्प्यात, तेवढीच माहिती असते. पहिल्या फेरीत खराब भाग खरवडायला लावू नका, सोपं सोपं उचलून पुढे जाऊ द्या. दुसऱ्या फेरीत ड्राइव्हचं थेट वाचन (संगणकाने तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीवर न विसंबता) आणि तीन पुनर्प्रयत्न.

खरी गंमत मॅपफाइलची आहे. कोणता सेक्टर मिळाला आणि कोणता राहिला याची ती नोंदवही. तीच मॅपफाइल आणि तीच इमेज दुसऱ्या ड्राइव्हसाठी वापरली की तो फक्त राहिलेल्या जागा वाचतो. म्हणजे एका ड्राइव्हवर ९४ टक्के, दुसऱ्यावर आणखी चार, मग हलकं पॉलिश, मग पुन्हा तेच. डिस्क संपूर्ण कधीच बरी झाली नाही तरी इमेज पूर्ण होऊ शकते. सगळी डिस्क चकचकीत करण्याची गरजच संपते.

शेवटचे दोन सेक्टर कधीच आले नाहीत तर डोकं खाऊ नका. ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने (एकेक ट्रॅक स्वतंत्रपणे लिहून) बर्न केलेल्या सीडीत शेवटी असे दोन रिकामे सेक्टर असतातच, ते वाचताना त्रुटी येते. फाइली शाबूत असतात.

ऑडिओ सीडीला डीडीरेस्क्यू चालत नाही. तिथे ऑडिओ सीडी काळजीपूर्वक उतरवणारे प्रोग्रॅम लागतात: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीचा सुरक्षित मोड किंवा सीडीपॅरानोइया. डेटा सीडीत प्रत्येक सेक्टरला दुरुस्तीचा एक जास्तीचा थर असतो, ऑडिओत तो नाही. त्याऐवजी ऑडिओ प्लेअर गेलेल्या जागी आजूबाजूचा आवाज बघून अंदाजाने भर घालतो. म्हणून ‘नीट वाजते’ आणि ‘बिनचूक वाचते’ या दोन गोष्टी ऑडिओत वेगळ्या आहेत. प्रत काढायची असेल तर ॲक्युरेटरिपचा (इतरांनी काढलेल्या प्रतींशी तुलना करणाऱ्या यादीचा) ताळा जुळतो का ते बघा, कानावर विसंबू नका.

गरगर

नख अडकणाऱ्या चऱ्याला नुसत्या पॉलिशने काही होणार नाही, दिवसभर घासलं तरी. तिथे पाण्याचा पॉलिश पेपर लागतो.

२००० नंबरपासून सुरू करा. नखाला फारच खोल लागत असेल तरच १५००. त्याच्या खाली उतरू नका. २००० च्या कागदाचा कण साधारण १० मायक्रॉनचा असतो, १००० चा त्याच्या दुपटीला टेकलेला. जितका जाड कण तितके पुढचे टप्पे जास्त. कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवा, पाण्यात साबणाचा थेंब. खोडरबराभोवती गुंडाळा म्हणजे दाब सारखा पडतो, उघड्या बोटाने खाच पडते. घासताना कागद आणि डिस्क दोन्ही ओली हवीत. पांढरा चिखल दिसला की धुवायचं. चऱ्याच्या कडा मावळल्या, नख घसरायला लागलं की थांबा, तळ गाठायचा नाही. मग ३००० चा कागद, मग रबिंग कंपाउंड, मग प्लास्टिकचं पॉलिश. प्रत्येक टप्प्यात आधीच्या टप्प्याची एकही रेघ दिसता कामा नये.

वेळ वाचवायचा तर शेवटचे दोन टप्पे ड्रिलला फोमचं पॅड लावून करता येतात.

खरडपट्टी

पेपरचं बरोबर आहे. १.२ मि.मी. जाडीतून वीसेक मायक्रॉन गेले तर सीडीला फरक पडत नाही, तिला जाडीची बरीच सूट असते. डीव्हीडीला ही सूट खूप कमी आहे, कारण ती वाचणारं भिंग जास्त तिरप्या कोनाने किरण आत सोडतं आणि जाडी बदलली की ठिपका पसरतो. तिथे पेपर अगदी शेवटचा उपाय.

ड्रिलला मात्र माझा विरोध. दोन कारणं. एक, उष्णता. पॉलिकार्बोनेट १४७ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं आणि कोरड्या पॅडखाली तेवढी उष्णता एका ठिकाणी चटकन जमते. प्लास्टिक ओघळल्यासारखं होऊन संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. त्याच्या आधीच डिस्क वाकते आणि डीव्हीडीत दोन चकत्यांमधला चिकट थर ढिला होतो. दोन, पॅडची कड एका जागी जास्त खाते आणि लाट तयार होते. डोळ्यांना ती दिसत नाही, डिस्क आरशासारखी लखलखते आणि तरी वाचत नाही. फोकस सांभाळणाऱ्या यंत्रणेला ओरखड्यापेक्षा लाटच जास्त छळते.

कोणी म्हणेल की दुकानातल्या दुरुस्तीच्या यंत्रात चाक फिरतंच की. फिरतं, पण वर पाण्याची धार असते, डिस्कही फिरते, त्यामुळे अख्ख्या पृष्ठभागावरून सारखाच थर जातो. हातातल्या ड्रिलने ते साधत नाही. करायचंच असेल तर मिनिटाला ५०० च्या खाली फेरे, पॅड ओलं, आणि एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही.

जुनी_तबकडी

डीव्हीडी नुसती धुवून सुटली, कडेला खरंच बोटांचे ठसे होते. सीडी-आर दुसऱ्या ड्राइव्हने ओळखली, डीडीरेस्क्यूवर ९१ टक्क्यांवर थांबली आहे. ऑडिओ सीडीला टूथपेस्टच्या दोन फेऱ्या दिल्या. (हो, पॉलिश मिळेपर्यंत धीर धरवला नाही.) टकटक कमी झाली, पण पट्टा धुरकट दिसतोय. हे असंच राहू द्यायचं का? आणि मेणाने ओरखडे भरतात म्हणतात ते काय?

खरडपट्टी

धुरकटपणा दोन प्रकारचा असतो, भिंगातून बघा. बारीक समांतर रेघा दिसल्या तर तो पेस्टच्या कणांचा माग आहे, प्लास्टिक पॉलिशच्या एका फेरीने जाईल. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले, विशेषतः भोकाभोवती, तर ते रसायनाचे. ओतीव प्लास्टिकचा ताण तिथे जास्त असतो म्हणून तडे तिथूनच सुरू होतात. ते कशानेच जात नाहीत. तुमचा पहिला प्रकार असणार.

थोडा धुरकटपणा सीडीला तसाही खपतो. लेझरचा ठिपका माहितीच्या थरावर मायक्रॉनभर असला तरी खालच्या पृष्ठभागावर शिरताना तो पाऊण मिलिमीटर रुंद असतो, म्हणून बारीक धूळ आणि रेघा त्याच्या लेखी पुसट होतात. ब्लू-रेत हाच आकार जेमतेम ०.१५ मि.मी. भरतो, तिच्या नखऱ्याचं अर्धं कारण हे.

मेणाचं तत्त्व खरं आहे. ओरखडा लेझरला त्रास देतो कारण त्यात हवा असते. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचं माप) १ आणि पॉलिकार्बोनेटचा साधारण १.५५, त्यामुळे चऱ्याच्या भिंतीवर किरण भलतीकडे वळतो. मेणाचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या बराच जवळ असतो, ते आत बसलं की भिंत जवळजवळ नाहीशी होते. केळ्याची साल आणि पेट्रोलियम जेलीमागेही एवढंच आहे, फक्त ते भरणं टिकत नाही. गाडीला लावायचं कार्नोबा मेण घ्या, त्यात घासणारे कण नसलेलं. तांदळाच्या दाण्याएवढं, पाच मिनिटं वाळू द्या, मग केंद्राकडून कडेकडे पुसून काढा. वरचं सगळं निघालं पाहिजे, चऱ्यातलं तेवढं राहील.

सीडी-आरला हाच उपाय पेपरच्या आधी करा. काहीही खरवडलं जात नाही आणि उरलेल्या नऊ टक्क्यांतले बरेच सेक्टर कदाचित एवढ्यावरच येतील.

रिकामा_स्पिंडल

मेण लावलेली डिस्क ट्रेच्या ड्राइव्हमध्येच घाला. फटीतून आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये रबरी रोलर असतात, मेण त्यांना लागलं की ते घसरतात आणि पुढची डिस्क अर्ध्यात अडकते. वाचून झालं की साबणाने धुऊन, आयसोप्रोपिलने पुसून ठेवा. मेणावर धूळ बसते आणि पुढच्या वेळी पुसताना तीच पेपरचं काम करते.

आणि चरा भोकाजवळ आहे म्हणालात, तर पेपरपर्यंत गेलात तरी एक लक्षात ठेवा: केंद्रापासून २३ ते २५ मि.मी.च्या पट्ट्यात डिस्कची अनुक्रमणिका असते. ती गेली की ड्राइव्ह पुढचं काही बघतच नाही. सध्या ज्या ड्राइव्हने ओळखली आहे त्यातून मिळेल ते सगळं उतरवून झाल्याशिवाय त्या पट्ट्याला हात लावू नका.